बोअरच्या पाण्यातून समजून घेऊ केमिस्ट्री लॅब : मोलारिटी, टायट्रेशन, सीबीआर म्हणजे नक्की काय?

दहावीपर्यंत आपण ‘द्रावण’, ‘दर्शक’, ‘उदासीनीकरण’ असे शब्द मराठीतून शिकतो. अकरावी सायन्सला गेलो की सगळं पुस्तक इंग्रजीत येतं. द्रावणाचं सोल्यूशन होतं, दर्शकाचा इंडिकेटर होतो आणि शंकूपात्राचा कोनिकल फ्लास्क. गोष्ट तीच असते, पण आपल्याला वाटतं की विषयच बदलला. मग प्रॅक्टिकलचं जर्नल मित्राकडून उतरवायचं, रीडिंग ‘जुळवायची’ आणि ३० मार्कांची परीक्षा कशीबशी काढायची, असं सुरू होतं.

मी दौंड तालुक्यात वाढलो आणि सध्या पाण्याचे नमुने तपासायच्या लॅबमध्ये काम करतो. आमच्या भागात दोन मोठ्या एमआयडीसी आहेत. पुणे-सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यातलं कुरकुंभ आणि पुणे-नगर रस्त्यावर शिरूर तालुक्यातलं रांजणगाव. कुरकुंभला तर रासायनिक कारखानेच जास्त. बी.एस्सी. झालेली पोरं तिथे क्यूसीच्या, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागाच्या मुलाखतीला जातात. तिथे अवघड प्रश्न नंतर येतात, आधी साधे येतात: मोलारिटी म्हणजे काय? ब्युरेट कशाने विसळायची? एंड पॉइंट कसा ओळखला?

या लेखात हे मूळ शब्द आपण एकाच प्रयोगातून समजून घेऊ. प्रयोग आपल्या घरचाच आहे: बोअरचं पाणी किती जड आहे, ते मोजायचं. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. लॅबमधला प्रत्येक शब्द एकाच प्रश्नाचं उत्तर देतो, ‘तुमच्या आकड्यावर दुसऱ्याने विश्वास का ठेवायचा?’

जड पाणी म्हणजे काय?

ज्या पाण्यात साबणाचा फेस पटकन येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, त्याला आपण जड पाणी किंवा क्षाराचं पाणी म्हणतो. शाळेच्या पुस्तकात ‘दुष्फेन पाणी’ हा शब्द आहे. दु:खाने फेस येणारं, म्हणून दुष्फेन. इंग्रजीत हार्ड वॉटर.

हा जडपणा मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे येतो. शिरूर, दौंड हा सगळा बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा प्रदेश. पाणी खडकाच्या भेगांतून मुरत जातं तसं हे क्षार त्यात विरघळत जातात. म्हणून नदीच्या पाण्यापेक्षा बोअरचं पाणी सहसा जास्त जड लागतं.

पण ‘लई जड आहे’ हे मत झालं. लॅबला आकडा लागतो.

पहिला शब्द : नमुना

नमुना म्हणजे सॅम्पल. मोटर चालू केल्यावर पाइपात आधीपासून साचलेलं पाणी येतं. ते काही मिनिटं वाहू द्यायचं. मग बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची आणि भरायची. बाटलीवर लगेच लिहायचं: गाव, कुठला बोअर, तारीख, वेळ. कोल्ड्रिंकच्या न धुतलेल्या बाटलीत पाणी आणलं तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, कारण तुम्ही बोअर तपासत नसता, बाटली तपासत असता.

जंतूंची तपासणी करायची असेल तर मात्र लॅबकडून मिळणारी निर्जंतुक बाटलीच वापरायची, आणि ती विसळायची नाही.

काचेची भांडी : कोण मोजतं, कोण फक्त धरतं?

लॅबमध्ये नवीन आलेल्यांना सगळी काच सारखीच वाटते. प्रत्यक्षात भांड्यांचे दोन गट पडतात.

पहिला गट धरणाऱ्यांचा. बीकर म्हणजे चंचूपात्र आणि कोनिकल फ्लास्क म्हणजे शंकूपात्र. यांच्यावर रेघा असतात, पण त्या अंदाजाच्या. बीकरवरच्या रेघेत साधारण ५ टक्क्यांची चूक धरूनच चालतात. म्हणजे ५० मिली समजून घेतलेलं पाणी ४७.५ किंवा ५२.५ मिलीही असू शकतं.

दुसरा गट मोजणाऱ्यांचा.

पिपेट : एकच ठरावीक माप अचूक उचलून देते, जसं १० किंवा २५ मिली.

ब्युरेट : ५० मिलीची उभी नळी, खाली तोटी. थेंब-थेंब सोडायचं आणि किती सोडलं ते वाचायचं.

व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क : लांब मानेचं भांडं, मानेवर एकच रेघ. ठरावीक माप नेमकं बनवण्यासाठी.

मेजरिंग सिलिंडर यांच्या मधला. बीकरपेक्षा बरा, पिपेटपेक्षा कमी अचूक.

व्हायवात ‘५० मिली नमुना कशाने घेतला?’ असं विचारलं आणि तुम्ही ‘बीकरने’ म्हणालात, तर पुढचा आकडा कितीही सुंदर आला तरी तो पडला.

मोल आणि मोलारिटी

इथे बरेच जण अडकतात. शिरूरच्या मार्केट यार्डात कांदा कोणी एक-एक मोजत नाही, वजन करतो. एका कांद्याचं सरासरी वजन माहीत असेल तर गोणीच्या वजनावरून कांदे किती, ते सांगता येतं. मोल म्हणजे असाच हिशोब, फक्त कणांचा. एक मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ कण. इतके कण कोण मोजणार? म्हणून आपण वजन करतो. प्रत्येक पदार्थाच्या एक मोलचं वजन ठरलेलं असतं, त्याला मोलर मास म्हणतात.

आता मोलारिटी. एक लिटर द्रावणात त्या पदार्थाचे किती मोल आहेत, तो आकडा म्हणजे मोलारिटी. पाण्याचा जडपणा मोजायला ईडीटीए नावाचं रसायन वापरतात. लॅबमध्ये त्याचा जो सोडियम क्षार असतो त्याचा एक मोल म्हणजे ३७२.२४ ग्रॅम. आपल्याला ०.०१ मोलार द्रावण हवं असेल तर ३.७२२ ग्रॅम घ्यायचं आणि द्रावण एक लिटर करायचं.

‘एक लिटर करायचं’ हे शब्द नीट वाचा. एक लिटर पाण्यात टाकायचं, असं मी म्हटलेलं नाही. आधी थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये पूर्ण विरघळवायचं, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्यायचं आणि मग मानेवरच्या रेघेपर्यंत पाणी भरायचं. याला ‘मार्कपर्यंत भरणं’ म्हणतात. मोलारिटी द्रावणाच्या लिटरवर ठरते, ओतलेल्या पाण्याच्या लिटरवर नाही.

ज्या द्रावणाची तीव्रता आपल्याला नक्की माहीत आहे ते प्रमाण द्रावण, म्हणजे स्टँडर्ड सोल्यूशन. पुढचं सगळं मोजमाप याच्या भरवशावर चालतं. म्हणून नोकरीतल्या लॅबमध्ये असं द्रावण बनवलं की दुसऱ्या खात्रीच्या पदार्थाशी ताडून बघतात. त्याला स्टँडर्डायझेशन म्हणतात.

टायट्रेशन म्हणजे अनुमापन

माहीत असलेल्या द्रावणाच्या मदतीने माहीत नसलेल्याचा शोध घेणं म्हणजे टायट्रेशन. आपल्या प्रयोगात असं करायचं:

१. ब्युरेट ईडीटीएने विसळून ईडीटीएनेच भरायची. वरचं फनेल काढायचं आणि तोटीतला हवेचा बुडबुडा घालवायचा.

२. पिपेटने ५० मिली बोअरचं पाणी कोनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं.

३. त्यात बफर घालायचं. बफर म्हणजे पीएच जागचा हलू न देणारं द्रावण. इथे अमोनियाचं बफर पीएच १० वर धरून ठेवतं.

४. इंडिकेटर घालायचा. याचं नाव एरिओक्रोम ब्लॅक टी. पाणी लालसर, वाइनच्या रंगाचं होतं.

५. फ्लास्क हलवत हलवत ईडीटीए थेंब-थेंब सोडायचं. लाल रंग जाऊन स्वच्छ निळा आला की तोटी बंद.

रंग का बदलतो? इंडिकेटर कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून असतो तोवर लाल दिसतो. ईडीटीएची पकड त्याच्यापेक्षा घट्ट. ते एकेक करून सगळा धातू स्वतःकडे ओढून घेतं. शेवटचा कण सुटला की इंडिकेटर मोकळा होतो आणि निळा दिसतो. तो क्षण म्हणजे अंत्यबिंदू, एंड पॉइंट.

कोणतं भांडं कशाने विसळायचं?

मुलाखतीत हमखास येणारा हा प्रश्न. पाठ करू नका, कारण समजून घ्या.

ब्युरेट ओली ठेवली तर आतल्या पाण्याने ईडीटीए पातळ होतं. मग तेच काम करायला जास्त ईडीटीए लागतं आणि पाणी आहे त्यापेक्षा जड दिसतं. म्हणून ब्युरेट ईडीटीएने विसळायची. पिपेटमध्ये साधं पाणी राहिलं तर नमुना पातळ होतो, म्हणून ती नमुन्याने विसळायची. पण फ्लास्क नमुन्याने विसळला तर ५० मिलीपेक्षा जास्त नमुना आत राहतो. म्हणून फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने, आणि तो ओला असला तरी चालतो, कारण त्या पाण्यात कॅल्शियमच नसतं.

रीडिंग : मेनिस्कस, पॅरलॅक्स, सीबीआर

नळीतल्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो, वाटीसारखा खोलगट असतो. हा बाक म्हणजे मेनिस्कस. वाचायचा तो खालचा बिंदू. पोटॅशियम परमँगनेटसारखं गडद जांभळं द्रावण असेल तर खालचा बिंदू दिसतच नाही, तिथे वरची कड वाचतात.

डोळा त्याच उंचीवर हवा. वरून किंवा खालून बघितलं तर रेघ सरकलेली दिसते. ही पॅरलॅक्सची चूक. मोबाईलने फोटो काढून रीडिंग घेणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे, लेन्स मेनिस्कसच्या समोर आडवी हवी.

ब्युरेटचा सगळ्यात छोटा भाग ०.१ मिलीचा असतो. याला लघुत्तम माप किंवा लीस्ट काउंट म्हणतात. त्यामुळे जर्नलमध्ये १७.५३८ असं लिहिणं म्हणजे न दिसलेलं लिहिणं.

पहिलं टायट्रेशन घाईचं, अंदाजासाठी, ते पायलट रीडिंग. समजा एंड पॉइंट १७ ते १८ मिलीच्या मध्ये सापडला. मग नीट तीनदा करायचं: १७.६, १७.५, १७.५. जे रीडिंग पुन्हा तेच येतं ते कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, आपल्या जर्नलमधलं सीबीआर. इथे सीबीआर १७.५ मिली.

आता हिशोब

०.०१ मोलार ईडीटीएचा १ मिली म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. इतकं सोपं पडावं म्हणूनच ०.०१ ही तीव्रता निवडतात.

१७.५ मिली म्हणजे १७.५ मिलिग्रॅम, आणि हे ५० मिली पाण्यात. एका लिटरमध्ये असे २० भाग. म्हणून १७.५ × २० = ३५० मिलिग्रॅम प्रति लिटर.

आता बघा, ब्युरेट वाचताना ०.१ मिलीची चूक झाली तर उत्तर २ ने हलतं. नमुना बीकरने मोजला असता तर १७-१८ ने हललं असतं. भांडं का निवडायचं, ते या एका ओळीत कळतं.

भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा २०० पर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे आपलं उदाहरणातलं ३५० चं पाणी ‘उत्तम’ नाही, पण ‘विषारी’ही नाही.

जडपणा, टीडीएस आणि पीएच : तीन वेगळ्या गोष्टी

जडपणा म्हणजे मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियम. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, त्यात मीठही आलं. ऑनलाइन मिळणारा पेनासारखा टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून टीडीएसचा अंदाज दाखवतो. मानकात टीडीएस ५०० पर्यंत, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत आहे. पीएच म्हणजे पाणी आम्लधर्मी की आम्लारिधर्मी, त्याची मर्यादा ६.५ ते ८.५.

पीएच बघायचा तर आपलं गुऱ्हाळ बघा. यवत-केडगाव भागात रस उकळताना चुन्याची निवळी टाकतात. ताजा रस किंचित आम्लधर्मी, पीएच साधारण ५ च्या आसपास. चुना आम्लारी, म्हणून तो पीएच वर नेतो आणि रस साफ व्हायला मदत होते. चुना जास्त पडला की गूळ काळपट होतो. पीएचची एक पायरी म्हणजे १० पट फरक, म्हणून ‘अजून थोडा चुना’ हे वाटतं तितकं थोडं नसतं.

आरओ विकणाऱ्याचा तपकिरी ग्लास

हे प्रात्यक्षिक तुमच्याही घरी झालं असेल. विक्रेता दोन ग्लास ठेवतो, एकात तुमचं पाणी, एकात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतो. तुमचं पाणी तपकिरी, गढूळ होतं, आरओचं तसंच राहतं. ‘बघा, काय पिताय तुम्ही!’ घरातली आजी घाबरते आणि हप्ता सुरू होतो.

तो तपकिरी गाळ पाण्यातला नसतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंडाची कांडी झिजते आणि तिचंच हायड्रॉक्साइड, सोप्या भाषेत गंजासारखा गाळ, तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज वाहत नाही आणि कांडी झिजत नाही.

लॅबमध्ये याला उत्तर देणारा शब्द आहे कंट्रोल: बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदलून बघणं. विक्रेत्यालाच सांगा, ‘आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून परत दाखवा.’ तेही तपकिरी होईल, आणि मीठ तर आपण रोज खातो. ते यंत्र घरच्या विजेवर चालतं, त्यामुळे स्वतः करून बघायला जाऊ नका.

आरओ वाईट असं मी म्हणत नाही. पण घ्यायचा की नाही, हे तपासणीच्या आकड्यावर ठरवा. आणि उलट बाजूही लक्षात घ्या: पाणी चवीला गोड, टीडीएस कमी, तरी त्यात नायट्रेट किंवा जंतू असू शकतात. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आणि १०० मिली पाण्यात ई-कोलाय जंतू अजिबात सापडता कामा नयेत. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. मुळा-मुठा नदी शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि येताना पुण्याचं सांडपाणी घेऊन येते. नदीकाठच्या गावांनी तर ही तपासणी टाळूच नये.

तपासणी कुठे? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. गावात जलसुरक्षक किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा.

अचूक आणि सुसंगत यांत फरक काय?

ऊस घेऊन गेलेल्या ट्रॉलीचं वजन समजा तीनदा केलं आणि तिन्ही वेळा तेच आलं. काटा सुसंगत आहे, म्हणजे प्रिसाइज. पण तो काटाच प्रत्येक वेळी २०० किलो कमी दाखवत असेल तर? आकडा जुळतोय, पण खरा नाही. खऱ्याच्या जवळ असणं म्हणजे अचूकता, अॅक्युरसी. म्हणून काटा ठरलेल्या वजनांनी तपासतात, आणि लॅबचा तराजू, पीएच मीटरही तसेच तपासतात. याला कॅलिब्रेशन म्हणतात.

सीबीआर आलं म्हणजे तुम्ही सुसंगत आहात. अचूक आहात की नाही, ते प्रमाण द्रावण ठरवतं.

सुरक्षिततेचे पाच नियम

१. आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात नाही. सल्फ्युरिक आम्लात पाणी पडलं तर इतकी उष्णता होते की ते उकळून अंगावर उडतं.

२. पिपेट तोंडाने ओढायची नाही. रबरी बल्ब वापरायचा.

३. लेबल नसलेली बाटली वापरायची नाही आणि वास घेऊन ओळखायची तर अजिबात नाही.

४. चष्मा, एप्रन, बंद बूट. चप्पल घालून लॅबमध्ये नाही.

५. डोळ्यात काही उडालं तर लगेच वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं, मग डॉक्टर. आधी पाणी, नंतर फोन.

मोबाईल कुठे कामाला येतो?

ओलॅब्ससारख्या व्हर्च्युअल लॅबवर टायट्रेशनच्या पायऱ्या आधी बघून जा, प्रत्यक्षात हात कमी थरथरतो. एंड पॉइंटचा रंग पांढऱ्या फरशीवर ठेवून फोटो काढा, पुढच्या फ्लास्कशी ताडायला उपयोगी पडतो. पण आम्लाच्या हातांनी स्क्रीनला हात लावू नका आणि फोन बेंचवर ठेवू नका. बोटावरचं रसायन स्क्रीनवर, आणि तिथून गालावर जातं.

आणि रीडिंग आधी वहीत, पेनाने. चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा. खोडरबर, व्हाइटनर नाही. कंपनीच्या लॅबमध्ये खाडाखोड केलेली नोंद चालत नाही.

जर्नलमध्ये १७.६ आलं असेल तर १७.६ च लिहा. मित्राचं १७.५ आलं म्हणून बदलू नका. उद्या त्याच पद्धतीने तुम्ही औषधाची बॅच किंवा एखाद्या गावाचं पाणी पास कराल, आणि समोरचा माणूस तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवून ते घशाखाली घालेल.

अकरावी-बारावीच्या किंवा बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या मित्रांना हा लेख प्रॅक्टिकलच्या आधी नक्की पाठवा.